टिचबोर्नचा वारस: किताब आपोआप जातो, जमिनीला मात्र कोर्ट लागतं

टिचबोर्न केस म्हटलं की ज्यांनी वाचलंय त्यांना तो ऑस्ट्रेलियातला जाडजूड खाटीक आठवतो, जो लंडनला येऊन म्हणाला की मीच तुमचा बुडालेला मुलगा. गंमत आहेच त्यात, पण मला ही केस वेगळ्या कारणासाठी लिहायचीय. इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यात किताब एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे नेमका कसा सरकतो, आणि त्यात एका माणसाचा मृत्यू नुसता गृहीत धरला तर केवढं भगदाड पडतं, हे या एका घरात जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आधी किताबाचं बघू. हॅम्पशायरमध्ये विंचेस्टरच्या जवळ टिचबोर्न नावाचं गाव आहे, तिथलं हे घराणं, कित्येक शतकं जुनं आणि कॅथलिक. 1603 मध्ये राणी एलिझाबेथ गेली तेव्हा बेंजामिन टिचबोर्न हॅम्पशायरचा शेरीफ, म्हणजे त्या भागातला राजाचा अधिकारी होता, त्याने लंडनच्या हुकमाची वाटही न बघता स्कॉटलंडचा जेम्स हाच आता राजा अशी द्वाही फिरवून टाकली, आणि अर्थातच नवीन राजाने ते लक्षात ठेवलं. याच जेम्सने 1611 मध्ये बॅरोनेट नावाचा किताब काढला. हा शुद्ध पैशाचा मामला होता, आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टरमध्ये तीस शिपाई तीन वर्षं पोसायचा खर्च म्हणून 1095 पौंड भरा आणि नावामागे वंशपरंपरेने सर लावा. टिचबोर्नांना तो 1621 मध्ये मिळाला. बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नाही हां, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये खुर्ची वगैरे काही नाही, पण साध्या नाइटचा सर त्याच्याबरोबर संपतो आणि बॅरोनेटचा मुलाकडे जातो.

आणि जातो म्हणजे कसा, तर सनदेत लिहिलंय तसा. बहुतेक सनदांमध्ये मजकूर एकच असतो, मूळ पुरुषाच्या औरस पुरुष वंशजांकडे. मुलगी नाही, मुलीचा मुलगा नाही, दत्तक तर नाहीच नाही. आपल्याकडे साताऱ्याच्या दत्तकावरून 1848 मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केलं तेव्हा आपल्या लोकांना तो सरळ अन्याय वाटला आणि होताही, कारण आपल्या धर्मशास्त्रात दत्तक पुत्र हा पुत्रच. पण इंग्रज जमीनदाराच्या घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात वारस म्हणजे रक्ताचा आणि लग्नातला एवढंच बसलेलं असतं. असो, तो वेगळा विषय.

दुसरी गोष्ट, किताब कुणी देत नाही. बाप ज्या क्षणी मरतो त्या क्षणी मोठा मुलगा सर होतो, मग तो झोपेत असो, समुद्रावर असो नाहीतर त्याला बातमी पोचायला सहा महिने लागोत. जमिनीचं तसं नाही, जमीन मृत्युपत्राने, सेटलमेंटच्या दस्ताने (म्हणजे पुढे कुणाकडे जायची ते आधीच बांधून ठेवणारा कागद), ट्रस्टींच्या हातून जाते आणि तिच्यावर कुणाचा तरी प्रत्यक्ष ताबा असतो. हा फरक डोक्यात ठेवा, पुढची सगळी केस त्याच्यावर उभी आहे.

आता वंशावळ. सातवे बॅरोनेट सर हेन्री, त्यांना सात मुलगे. इथे एक दंतकथा मध्ये येते ती सांगावीच लागेल, कारण त्या घरात सगळे ती मनावर घ्यायचे. बाराव्या शतकातली लेडी मॅबेला मरणपंथाला लागलेली, नवऱ्याला म्हणाली गरिबांना दरवर्षी पीठ वाटायला थोडी जमीन दे, तो खवचटपणे म्हणाला की ही पेटती काठी विझेपर्यंत जेवढ्या जमिनीला फेरी मारशील तेवढी दिली. ती बाई रांगत रांगत तेवीस एकरांना फेरी घालून आली, त्या शेताला आजही द क्रॉल्स म्हणतात, आणि वर तिने शाप देऊन ठेवला की हे दान ज्या दिवशी बंद कराल त्यानंतर एका पिढीत सात मुलगे होतील, पुढच्या पिढीत सात मुली, घर पडेल आणि नाव बुडेल. 1796 मध्ये दान बंद झालं, कारण पिठाच्या नावाखाली लांबून लांबून भुरटे गोळा होतात अशी तक्रार होती. मग 1803 मध्ये वाड्याचा काही भाग खरंच कोसळला, आणि आठवे बॅरोनेट सर हेन्री जोसेफ यांना झाल्या सात मुली!

शाप बाजूला ठेवा, सात मुलींचा कायदेशीर परिणाम बघा. 1845 मध्ये आठवे वारले तेव्हा सातांपैकी एकीलाही किताब नाही, तो गेला भावाकडे, एडवर्डकडे. या एडवर्डने त्याआधीच 1826 मध्ये आडनाव बदलून डाउटी केलेलं, कारण डाउटी घराण्यातल्या एका लांबच्या नातेवाईक बाईने इस्टेट ठेवली होती आणि अट होती की आडनाव आमचं लावायचं. म्हणजे टिचबोर्नचा बॅरोनेट पण आडनाव डाउटी. दान पुन्हा सुरू झालं ते याच्याच हातून. याचा एकुलता मुलगा सहा वर्षांचा असताना गेला, राहिली मुलगी कॅथरीन. म्हणून एडवर्डनंतर पुन्हा भाऊच, जेम्स, दहावा. लागोपाठ दोनदा किताब आडवा सरकला आणि तिथून ही शाखा मुख्य झाली.

जेम्सची बायको हेन्रिएट, वाढलेली फ्रान्समध्ये, इंग्लंडचा मनापासून तिटकारा. मोठा मुलगा रॉजर 1829 मध्ये पॅरिसला जन्मला आणि वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत तिथेच वाढला, फ्रेंच त्याची खरी भाषा, इंग्रजी बोलायचा ते फ्रेंच वळणाचं. मग बापाने कसंबसं आईच्या तावडीतून काढून स्टोनीहर्स्टच्या जेझुइट, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या कॉलेजात घातला, पुढे सैन्यात गेला, किडकिडीत पोरगा, रेजिमेंटमधले चेष्टा करायचे. सुट्टीत काकांकडे जायचा तिथे चुलत बहीण कॅथरीनवर जीव जडला. सख्खी चुलत भावंडं, काका-काकूंचा विरोध, शेवटी हा वैतागून 1853 मध्ये दक्षिण अमेरिकेला निघून गेला. तिकडे पोचल्यावर त्याला कळलं की एडवर्डकाका गेले आणि वडील आता सर जेम्स. म्हणजे हा थेट वारस झाला, पण तरी परत आला नाही, अँडीज ओलांडून फिरत बसला. एप्रिल 1854 मध्ये रिओहून बेला नावाच्या जहाजात चढला आणि जहाज गायब. चार दिवसांनी नुसती उलटलेली होडी आणि थोडे अवशेष सापडले.

इथे भगदाड पडलं. रॉजर मेला हे कुणी पाहिलं नाही, प्रेत नाही, साक्षीदार नाही. सात वर्षं ज्याची खबर नाही तो जिवंत आहे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं हा नियम आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्यात आला आणि सातबाऱ्याच्या भांडणात आजही ऐकू येतो, त्याचं मूळ इंग्लिश कायद्यातच आहे. पण इथे सात वर्षं थांबायची वेळच आली नाही, जहाज बुडालं म्हणजे माणूस बुडाला असं धरून 1855 मध्येच त्याचं मृत्युपत्र मंजूर करून घेतलं. व्यवहाराने बरोबर होतं ते. फक्त आईने मानलं नाही. एका भविष्य सांगणाऱ्या बाईने तिला सांगितलं की मुलगा जिवंत आहे, झालं. 1862 मध्ये नवरा वारल्यावर अडवणारं कुणी उरलं नाही आणि पुढच्या वर्षी तिने पेपरात इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिशमध्ये जाहिराती दिल्या, नंतर सिडनीच्या एका हरवलेली माणसं शोधणाऱ्या एजंटमार्फत ऑस्ट्रेलियातसुद्धा, बक्षीस देऊ म्हणून.

मधल्या काळात किताब धाकट्या मुलाकडे, आल्फ्रेडकडे गेलेला, अकरावा. हा दारू आणि उधळपट्टीत बुडालेला, दिवाळ्याच्या काठावर. फेब्रुवारी 1866 मध्ये तो मेला, वय सव्वीस. मूल नाही, पण बायको टेरेसा गरोदर. मला विचाराल तर सगळ्या केसमधला सगळ्यात नाजूक काळ हे तीन महिने. कारण अकरावा गेला, बारावा आहे की नाही हे पोटातल्या बाळावर. मुलगी झाली असती तर तिला किताब नव्हताच. मे महिन्यात मुलगा झाला, हेन्री, आणि जन्मतःच बारावा बॅरोनेट. पाळण्यातलं बाळ सर हेन्री आणि वीस हजार पौंडांवर वार्षिक उत्पन्न असलेल्या इस्टेटीचा मालक.

आणि बरोबर याच वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातल्या वॅगा वॅगा नावाच्या गावात, टॉमस कास्त्रो नावाचा कर्जबाजारी खाटीक आपल्या वकिलाकडे जहाज बुडाल्याचं, इंग्लंडमधल्या प्रॉपर्टीचं काहीतरी पुटपुटला होता. त्याच्या पाइपवर आर सी टी अशी अक्षरं, रॉजर चार्ल्स टिचबोर्न. वकिलाला जाहिरात आठवली. मग याने आईला पत्र लिहिलं, ओळख म्हणून अंगावरचा एक डाग आणि ब्रायटनमधला एक प्रसंग सांगितला, आईला त्यातलं एकही आठवेना, तरी म्हणाली येऊ दे. त्याने तिथेच एक मृत्युपत्रही करून ठेवलं, ते तर वाचण्यासारखं, त्यात आईचं नाव लिहिलंय हॅना फ्रान्सिस! बाईंचं नाव हेन्रिएट फेलिसिते. स्वतःच्या आईचं नाव चुकणारा मुलगा आणि तरीही प्रकरण आठ वर्षं चाललं, यावरून अंदाज करा.

1866 च्या ख्रिसमसला तो लंडनला उतरला. वाड्यावर नाही गेला, गेला कुठे तर वॅपिंगला, गोदीच्या वस्तीत, तिथल्या ऑर्टन नावाच्या खाटकाच्या कुटुंबाची चौकशी करायला. ही एक फेरी पुढे त्याच्या फार अंगाशी आली. मग जानेवारीत पॅरिसच्या हॉटेलात आईची भेट, खोलीत अंधार, हा आजारी म्हणून पडलेला, आई आली आणि म्हणाली हाच माझा रॉजर. फ्रेंचचा एक शब्द येत नाही, लहानपणचा शिक्षक म्हणतोय हा तो नव्हेच, पण आईने वर्षाला हजार पौंड चालू केले. लोक तिला वेडी म्हणतात, मला नाही वाटत. दोन्ही मुलं गेलेली, नवरा गेलेला. तिला रॉजर हवा होता.

अँड्र्यू बोगल हा मला जास्त कोड्यात टाकतो. जमैकात गुलामीत जन्मलेला, सर एडवर्डकडे आयुष्यभर नोकरी केलेला, म्हातारपणी सिडनीत टिचबोर्नांच्या पेन्शनवर राहत होता. त्याने या माणसाला ओळखलं, त्याच्याबरोबर इंग्लंडला आला, पेन्शन बंद झाली तरी शब्द फिरवला नाही. खोटारडा होता म्हणावं तर मिळालं काय त्याला?

आता कायद्याची बाजू. हा जर खरा रॉजर असेल तर काय होतं बघा. 1862 मध्ये बाप मेला त्या क्षणी अकरावा बॅरोनेट हा. आल्फ्रेड कधी बॅरोनेट झालाच नाही, आणि पाळण्यातलं बाळ नुसता पुतण्या. त्यासाठी त्याला कुठलं कोर्ट नको, कुणाची सही नको, तो स्वतःला सर रॉजर म्हणवून घ्यायला मोकळा आणि घेतही होता. पण वाडा भाड्याने दिलेला कर्नल लशिंग्टन नावाच्या गृहस्थांना. म्हणून दावा लागला तो किताबाचा नाही, या भाडेकरूला बाहेर काढायचा, टिचबोर्न विरुद्ध लशिंग्टन. इंग्लंडमधला सगळ्यात गाजलेला वारसाहक्काचा खटला कागदावर म्हणाल तर भाडेकरू काढायचा दावा, आपल्या दिवाणी कोर्टातल्या माणसाला हे ऐकून अजिबात नवल वाटणार नाही.

पैसा उभा केला तो तर भन्नाट. मार्च 1868 मध्ये आई वारली, हजार पौंड बंद. तेव्हा याच्या समर्थकांनी टिचबोर्न बाँड काढले, शंभर पौंडांचा एक, इस्टेट मिळाली की व्याजासकट परत. लोकांनी जवळपास चाळीस हजार पौंड ओतले. एकदा इतक्या लोकांचे पैसे अडकले की हा रॉजर असणं ही त्या सगळ्यांची गरज झाली.

मे 1871 ला खटला उभा राहिला, शंभराच्या वर दिवस चालला. तोवर या दावेदाराचं वजन दीडशे किलोच्या पुढे. घराण्याच्या बाजूने जॉन कोलरिज, त्याची उलटतपासणी वाचायला मजा येते, आवाज न चढवता एकेक साधा प्रश्न. स्टोनीहर्स्टला काय शिकलास, तर याला लॅटिन कुठली आणि ग्रीक कुठली हेच सांगता येईना. पण सगळ्यात घाणेरडा भाग म्हणजे सीलबंद पाकीट. रॉजरने जाताना इस्टेटीच्या कारभाऱ्याकडे एक पाकीट ठेवलं होतं, तो मेला असं समजून कारभाऱ्याने ते जाळलेलं. याला वाटलं, आता कोण खोटं ठरवणार, आणि याने सांगितलं की कॅथरीनला माझ्यापासून दिवस गेले असतील तर काय करायचं ते त्यात होतं. कॅथरीन तोवर मिसेस रॅडक्लिफ, लग्न झालेली बाई, कोर्टात बसलेली. तिच्याकडे रॉजरने दिलेली नक्कल होती. त्यात काय, तर आपलं लग्न झालं तर टिचबोर्नला चर्च बांधीन असा नवस. बस.

शेवटचा घाव लॉर्ड बेल्यूने घातला, स्टोनीहर्स्टचा वर्गमित्र, त्याने शपथेवर सांगितलं की रॉजरच्या हातावर गोंदलेलं होतं, त्यातली अक्षरं मीच गोंदली. या माणसाच्या हातावर काही नाही. ज्युरी म्हणाली आम्हाला आणखी पुरावा नको. 6 मार्च 1872 ला त्याच्या वकिलांनी दावा सोडून दिला आणि न्यायाधीशांनी त्याला खोट्या साक्षीबद्दल तिथेच अटकेत टाकायला लावलं.

मग दुसरा खटला, फौजदारी, एप्रिल 1873 पासून 188 दिवस. तोपर्यंत कास्त्रो हा मुळात वॅपिंगचा आर्थर ऑर्टन हे दाखवायला पुष्कळ जमलेलं. ख्रिसमसची ती वॅपिंगची फेरी घराण्याने लावलेल्या व्हिचर नावाच्या माजी डिटेक्टिव्हने शोधून काढली होती. आणि कास्त्रो हे नाव आलं कुठून? चिलीतल्या मेलिपिल्या गावच्या एका कुटुंबाचं. ऑर्टन पोरवयात जहाजावरून पळून तिथे राहिला होता, त्या लोकांना आर्थर आठवत होता. याने स्वतःच पत्र लिहून मेलिपिल्याचा धागा हातात दिला होता. फेब्रुवारी 1874 च्या शेवटी ज्युरीने दोषी धरलं, चौदा वर्षं सक्तमजुरी.

गरीब लोक मात्र हजारोंनी त्याच्या बाजूने. कामगाराला वाटायचं, बघा, एक बॅरोनेट आपल्यासारखा बोलतो, बिअर पितो, म्हणून वरचे लोक त्याचा हक्क मारतात. पण त्यात एक मोठी विसंगती अशी की त्याला खाटीक मानलं तर हक्कच नाही आणि हक्क आहे म्हटलं तर तो वरचाच! कुणाला फरक पडत नव्हता. त्याचा वकील केनिली, ज्याची सनद कोर्टात घातलेल्या गोंधळापायी गेली, तो 1875 मध्ये स्टोकमधून खासदार म्हणून निवडून आला, पार्लमेंटमध्ये चौकशी आयोगाचा ठराव आणला, आणि तो 433 विरुद्ध 1 मतांनी पडला.

ऑर्टन 1884 मध्ये सुटला, पुढे पैशासाठी एका पेपरात कबुली दिली आणि लगेच मागेही घेतली, 1 एप्रिल 1898 ला कफल्लक मेला. घराण्याने त्याच्या शवपेटीवर सर रॉजर चार्ल्स डाउटी टिचबोर्न अशी पाटी लावायला हरकत घेतली नाही. तेव्हा कुणालाच बॅरोनेटच्या किताबाची नोंद ठेवायची सक्ती नव्हती, त्यामुळे असे हौशी सर पुष्कळ फिरायचे. अधिकृत यादी आली 1910 च्या राजाज्ञेने, त्या रोलवर नाव नसेल तर सरकार तुम्हाला बॅरोनेट मानत नाही, म्हणजे आता वारसाला जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले घेऊन आपलं नातं सिद्ध करावं लागतं. किताब अजूनही आपोआपच जातो, फक्त तो गेलाय हे मानून घ्यायला कागद लागतो.

आपल्या मुंबईत याच किताबाचं एक वेगळंच रूप झालं. जमशेटजी जीजीभॉय यांना 1857 मध्ये बॅरोनेट केलं आणि मग 1860 मध्ये खास कायदा करून ठरवलं की पुढे ज्याच्याकडे किताब येईल त्याने नावच सर जमशेटजी जीजीभॉय घ्यायचं. त्यामुळे दुसरे, तिसरे, चौथे सगळे जमशेटजी. पेपर वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो, पण वारस कोण यात संदिग्धता नको म्हणून किताबाबरोबर मालमत्ताही बांधून ठेवलेली. टिचबोर्नांनी किताब एका वाटेने आणि जमीन दुसऱ्या वाटेने जाऊ दिली.

तर पाळण्यातला तो बारावा, ज्याच्यासाठी हे सगळं लढलं गेलं, 1910 पर्यंत जगला. त्याचा मुलगा तेरावा, त्याचा मुलगा चौदावा, सर अँथनी. अँथनीला मागे राहिल्या तीन मुली. 1968 मध्ये ते वारले आणि 347 वर्षांचा किताब त्या दिवशी संपला, ना खटला ना दावेदार, कारण 1621 च्या सनदेतला पुरुष वंशज कुणी उरला नव्हता. वाडा आणि जमीन मात्र मुलीच्या बाजूने घरातच राहिली, आणि दर 25 मार्चला तिथे आजही पीठ वाटतात.